चिंचजूचं इंजिन

७ जानेवारी, मंगळवार

पतपेढीने डायरी दिली. दरवर्षी देतात आणि दरवर्षी मी तिच्यावर भाजी निवडते. यंदा लिहायचं ठरवलंय. नवरा गेला, मुलगा कुणाल जेवताना मोबाइलशी बोलतो, दीर पंढरी दिवेलागणीनंतर फक्त स्वतःशी बोलतो. उरलं कोण?

पहिलं पान आहे तर पत्ता लिहावा. चंद्रा, मुक्काम चिंचजू, तालुका भिवंडी. खाडीतलं बेट. खारबावच्या बाजूच्या धक्क्यावरून भरतीला होडीने आलात तर थोड्या वेळात पोचता, ओहोटीला चिखलातून आलात तर पुढच्या जन्मी. सरकारी वीज खाडीच्या काठापर्यंत आली, आमच्याकडे एकदा बघितलं आणि माघारी गेली. त्यामुळे बेटावर वीज म्हणजे आमचं डिझेल इंजिन. निजामपुऱ्यातल्या एका लूमवाल्याने ते भंगारात काढलं होतं. माझ्या नवऱ्याने आणि पलीकडच्या आळीतल्या दाजींनी दोन होड्या एकमेकींना बांधून त्यावरून आणलं, तेव्हा अख्खं बेट चिखलात उभं राहून बघत होतं. बॅटरी कधीच मेली. लोखंडी हँडल घालून गरगर फिरवलं की ठसका लागल्यासारखं उठतं. बेटावर त्याला सासरा म्हणतात. रोज संध्याकाळी खोकत उठतो, घराघरावर ओरडतो आणि त्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

सासऱ्याची मालकीण मी. म्हणजे बेटावरच्या प्रत्येक बल्बची मी एका अर्थी सासू.

९ जानेवारी, गुरुवार

काशीआजी गेली. नव्वदीची असेल, जेवून झोपली ती उठलीच नाही. कुणालने इंजिन बंद ठेवलं. आमच्याकडे रीतच आहे: बेटावर मयत झालं की ते खाडीपार होईपर्यंत इंजिन चालवायचं नाही, दिवा फक्त तेलाचा. आवाजाने जीव वाट चुकतो म्हणतात. मला वाटतं, निदान एक रात्र तरी सासऱ्यापासून सुटका व्हावी म्हणून कोणीतरी शहाण्याने ही रीत पाडली असणार. आता उलटही झालंय. संध्याकाळी इंजिनाचा आवाज आला नाही की बायका ओटीवर येऊन विचारतात, कोण गेलं?

परतताना होडीत दाजी बोलले. बेटावरचा सगळ्यात जुना माणूस, बोलताना डोळे मिटतात. त्यांची मुलगी उन्नती पडघ्याला गोदामांच्या छपरांवर सोलरच्या प्लेटा बसवायचं काम करते. कुठल्याशा संस्थेकडून तिने बेटासाठी प्लेटा मंजूर करून आणल्यात. मी म्हटलं, छान. सूर्याला आमच्या घरचा पत्ता सांगून ठेवा, पावसाळ्यात शोधत बसायला नको. सगळे हसले. कुणाल हसला नाही.

११ जानेवारी, शनिवार

प्लेटा आल्या. आणि दगडही आले, ते आधीपासूनच धक्क्यावर होते.

पंढरीने आपल्या होडीतून आणायला नकार दिला. डिझेलचे पिंप वाहणारी होडी हे पाप करणार नाही म्हणाला. उन्नतीने पलीकडून दुसरी होडी केली. ती धक्क्याला लागते न लागते तोच कोणीतरी पहिला दगड टाकला. मग दुसरा टाकायला कोणाला निमित्त लागत नाही. आमच्या बाजूची पोरं एकीकडे, दाजींच्या आळीतली दुसरीकडे, मधे काचेच्या प्लेटा गोधडीत गुंडाळलेल्या. वल्ही निघाली. वल्ह्याचा पाठीवर बसणारा आवाज ओल्या गोणीसारखा येतो, हे आज कळलं. दाजींचा कान फाटला. ते होडीत उभे राहून म्हणत होते, मारा मला, पन काचंला हात नका लावू. म्हाताऱ्याला आपल्या डोक्यापेक्षा काच मोलाची.

कुणाल या सगळ्यात नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, मी इंजिनाला तेल घालत होतो. शर्टाची बाही खांद्यापासून उसवली होती. शिवून दिली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तीळगूळ वाटायला गेले तर चार घरांनी दार अर्धंच उघडलं. गोड बोला म्हणायला तोंड उघडावं, तर समोरून फक्त हात बाहेर येतो, वडी घेतो आणि आत जातो.

दुपारी सगळे पतंगाला बांधावर गेले असताना शाळेच्या छपरावरच्या प्लेटा फुटल्या. एकदोन नाही, सगळ्या, एकीकडून दुसरीकडे, शेतात नांगर घालावा तशा. उन्नती छपरावर बसून तुकडे गोळा करत होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं, मी जाऊन पाठीवरून हात फिरवला असता आणि विषय संपला असता.

कुणालचे दोन्ही तळहात कापलेत. मांज्याने म्हणाला. लहानपणापासून पतंगाचा त्याला कंटाळा, पण आता वय वाढलं, आवडी बदलतात. हळद भरली. मांजा एवढा रुंद कापतो हे मला माहीत नव्हतं. चिनी असेल.

फक्त दाजींच्या घरावरच्या प्लेटा राहिल्यात. संध्याकाळी त्यांच्या ओटीवर पांढरा उजेड पडला. आवाज नाही, धूर नाही. मला तो उजेड आजारी माणसाच्या तोंडासारखा वाटला. आमच्या बल्बला कसा पिवळा रंग आहे, खात्यापित्या घरचा.

१९ जानेवारी, रविवार

उत्तर आलं. पहाटेच्या भरतीला आमचे डिझेलचे पिंप कोणीतरी बूच काढून धक्क्यावरून खाडीत लोटले. पंढरी त्यांच्या राखणीला तिथेच झोपला होता. त्याला चौघांनी वल्ह्यांनी बडवला. दोन दात गेले, एक डोळा मिटलाय. त्याला उचलून आणला तेव्हा तोंडातून रक्ताच्या गुळण्या टाकत तो पहिलं वाक्य बोलला ते, पिंप वाचलं का. इंजिनाच्या खोपटातली तेवढी वाचली, त्यांवर सासरा संध्याकाळी उठला.

ओहोटी लागली आणि चिखलावर इंद्रधनुष्य पसरलं. चिखलातले निवटी मासे उलटे पडले होते, पोटं वर. खेकडे बिळातून बाहेर येऊन बिळाच्या तोंडाशीच मेले. बायका टोपल्या घेऊन आल्या होत्या, तशाच परत गेल्या. आज बेटावर कोणाच्याच घरी कालवण नाही, दोन्ही आळ्यांत. एवढी समानता इथे पहिल्यांदाच झाली.

दुपारी पंढरी थोडी लावून धक्क्यावर उभा राहिला आणि सगळ्या बेटाला ऐकू जाईल असं ओरडला, "दाजीचा डोका न्हाय फोडला तर नाव न्हाय सांगनार!" नंतर तिथेच बसून झोपला. याच पंढरीने गेल्या वर्षी मांजर मेलं म्हणून दोन दिवस होडी काढली नव्हती.

२२ जानेवारी, बुधवार

आज मनात जे आलं ते लिहिते, वाचणारं कोणी नाही.

दाजी घरी आले. कानाला पट्टी, हातात काठी. चहा दिला, तो बशीत ओतून निववत बसले. मी वाट बघत होते की पंढरीच्या दातांबद्दल काहीतरी बोलतील. बोलले. "आमच्या पोरांनी केला ता वाईट केला. तुज्या आलीनं केला ता बी वाईट केला. आता कोनी जास्त वाईट केला ता मोजत बसलो तं मी मरून जाईन गो."

मग मुद्द्यावर आले. इंजिन काढायचं नाही. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा चालवायचं. एरवी प्लेटा. सगळ्यांची देखभाल एकत्र, उन्नतीबरोबर कुणालने शिकून घ्यावं, तिलाही दुसरा हात हवाय.

मी म्हटलं, म्हणजे सासऱ्याला अंथरुणावर टाकायचं आणि चार महिने औषधापुरतं उठवायचं.

"सासरा म्हातारा झालाय, चंद्रा. मी बी झालोय. कोन म्हनतो मारा? जरा बसू दे त्याला."

माझ्या नवऱ्याबरोबर ज्या माणसाने गळ्यापर्यंतच्या चिखलात उभं राहून ते धूड वर ओढलं, तो हे सांगत होता. इंजिनाचा सगळ्यात पहिला बल्ब त्यांच्याच घरी लागला होता. मी विचार करते म्हणाले. खरं तर विचार तिथेच झाला होता.

जेवताना कुणालला सांगितलं की मला दाजींचं पटतंय. त्याने ताट बाजूला सारलं. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "इंजिन गेलं तर मी कोण, आई?"

मी म्हटलं, तू कुणाल. त्याला ते उत्तर वाटलं नाही. दहावी नापास, दोनदा गोदामात लागला, दोनदा परत आला. इथे मात्र त्याने स्विच ओढला की सगळ्या बेटावर काळोख होतो. म्हातारे लोक त्याला वाट देतात. मला हे कळतं. पण पोराला वाट मिळावी म्हणून बेटाने किती वर्षं धूर खायचा? हे वाक्य मी लिहिलंय, बोलले नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज इंजिन सुरू झालं नाही.

हँडल सापडेना. पंढरी खोपटात शोधतोय, मी पिंपांमागे शोधतेय. कुणाल म्हणाला, असेल इथेच. त्याने दुपारीच आंघोळ केली होती आणि स्वतःचे कपडे स्वतः धुऊन वाळत घातले होते. मुलगा सुधारला म्हणायचा, लग्नाचं बघायला हरकत नाही.

दिवेलागण झाली, आवाज नाही. आणि बेटावर जे व्हायचं तेच झालं. बायका ओट्यांवर आल्या. कोण गेलं? शेजारच्या राहीबाईने पदर डोक्यावर घेतला आणि कोणासाठी ते ठरायच्या आधीच गळा काढला. लोक घरोघर बघत निघाले. जे आजारी होते ते ठणठणीत निघाले आणि लोक आपल्याला बघायला आले म्हणून भडकले. एका म्हातारीने तर पाहुण्यांच्या अंगावर तांब्या फेकला. हसू फुटलं. इतक्या दिवसांनी दोन्ही आळ्या एकत्र हसल्या. मीही सांगत सुटले, अहो कोणी नाही गेलं, हँडल हरवलंय.

मग उन्नतीने विचारलं, बाबा तुमच्याकडे आलेत का, काकी?

दाजी बांधाच्या पलीकडे सापडले, तिवरांच्या मुळांत, तोंड चिखलात. राहीबाई म्हणाली, इंजिनाला आधी कळलं. यंत्राला कळतं की नाही माहीत नाही, पण त्यांच्याच हाताने आलेलं होतं ते.

घरी आणलं. ओटीवर तो पांढरा दिवा जळत होता. जाणत्यांनी सांगितलं, विझव, रीत आहे, मयताला तेलाचा दिवा. उन्नती स्विचच्या आड उभी राहिली.

"रीत इंजिनाची हाय. ह्या दिव्याला आवाज न्हाय. माज्या बापाचा तोंड मी बघनार."

आजवर बेटावरचं मयत आम्ही कोणी उजेडात बघितलंच नव्हतं. तेलाच्या दिव्यात सगळे मेलेले सारखेच दिसतात, झोपल्यासारखे. काशीआजीला शेजारून बघूनही मला तिचा चेहरा आठवत नाही. दाजींचा आता जन्मभर आठवेल. एक डोळा अर्धा उघडा, दातांत चिखल. तिने पाण्याने केस बाजूला केले. टाळूमागे खड्डा, आणि खड्ड्याच्या कडेला गोल ठसा, वाटीच्या काठासारखा, एका बाजूला खाच. पडून झालेली जखम अशी आखून होत नाही. पंढरी माझ्या शेजारी उभा होता, तो मागे मागे सरकत भिंतीला टेकला. कुणाल आत आलाच नाही, बाहेर अंधारात होता. त्याला रक्त बघवत नाही.

एक शंका आली. ती लिहीत नाही.

२५ जानेवारी, शनिवार

पोलीस आले. उन्नतीनेच बोलावले. साहेबाचे बूट चिखलात रुतले, ते काढायला दोन शिपाई लागले, मग तपास सुरू झाला. त्यांनी ठशाचा फोटो बघितला, इंजिनाचा दांडा बघितला, जिथे हँडल बसतं ते टोक. मग मला विचारलं, हँडल कोणाकडे असतं?

ओटीवर सगळं बेट कान लावून होतं. कुणाल दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघत होता. लहानपणी शाळेत मास्तरांनी छडी उगारली की असाच बघायचा.

मी म्हटलं, पंढरीकडे असायचं.

खोटं नाही ते. कधी कधी असायचं.

पोलिसांनी पंढरीला हाक मारायच्या आधीच लोकांनी त्याला गाठला. तो पळाला नाही, पळायचं असतं हे त्याला सुचलंच नाही. होडीच्या दोराने त्याला शाळेपुढच्या खांबाला बांधला आणि मारला. दाजींच्या आळीने मारला ते समजलं, पण आमच्या आळीनेही मारला, जास्त जोरात, म्हणजे आपण त्यातले नाही हे दिसावं म्हणून. हात कोपरापासून उलटा वळला. ते हाड मोडल्याचं मला घरात बसून ऐकू आलं. शेवटी पोलिसांनीच काठ्या चालवून त्याला सोडवला.

होडीत घालताना तो माझ्याजवळून गेला. तोंड सुजून भोपळा झालेलं. शिवी देईल वाटलं.

"वयनी," म्हणाला, "तुला म्हाईत हाय."

एवढंच. दाजींना शवविच्छेदनाला नेणारी होडीही तीच. एकाच होडीत दोघं गेले.

२६ जानेवारी, रविवार

खांब धुऊन झेंडा लावला. पोरांनी समूहगीत म्हटलं. छपरावर फुटक्या काचा चमकत होत्या.

२ फेब्रुवारी, रविवार

उन्नतीने पुन्हा प्लेटा आणल्या. या वेळी दगड नव्हते. मेलेल्या माणसाच्या पोरीला दगड मारायला जरा थांबावं लागतं. घरं एकेक करून तिकडे जोडली गेली. तारा आमच्याच, खांब आमचेच, फक्त टोक फिरवलं.

कुणालने निजामपुऱ्यातल्या लेथवाल्याकडून नवं हँडल करून आणलं. इंजिन आता फक्त आमच्या घरासाठी चालतं. दिवसाही चालतं. भर दुपारी, उन्हात, बल्ब लावून. मी म्हटलं, डिझेल कशाला जाळतोस? तर म्हणाला, लोकांना ऐकू जाऊ दे. लोकांनी दारं लावून घेतली. तो त्या ढणढणाटात खोपटात बसून असतो, पंढरीच्या झोपायच्या फळीवर.

पंढरीचा जामीन झाला नाही. त्याला बायकामुलं नाहीत, विचारायला जाणार कोण? मीच. गेले नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

डाव्या हाताने लिहितेय. अक्षराला हसू नये.

सकाळी खोपटात चहा घेऊन गेले. तो इंजिन पुसत होता, फार प्रेमाने, कानाकोपऱ्यात बोट घालून. मी एकच विचारलं. त्या आवाजात ओरडूनच विचारावं लागलं, त्यामुळे पुन्हा विचारायची सोय राहिली नाही.

"जुनं हँडल कुठे टाकलंस?"

त्याने नवं उचललं. पहिला घाव मनगटावर बसला. मी हात मध्ये घातला होता म्हणून, नाहीतर दाजींच्या जागी बसला असता. दुसरा पाठीत. मी पडले तशी लाथा. मारताना तो रडत होता. "तूच म्हणालीस ना पटतंय. तूच म्हणालीस." मग दमला आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसला, माझं डोकं मांडीवर घेतलं, कपाळावरचं रक्त शर्टाने पुसलं. इंजिन चालूच होतं. मला तेव्हा एवढंच कळत होतं की हे पोर आता माझ्या अंगावरून कोणाकडे तरी जाईल, आणि पुढचं घर उन्नतीचं आहे.

म्हटलं, दवाखान्यात जाऊन येते. तो म्हणाला, काय सांगशील? म्हटलं, इंजिनात पदर अडकला. त्याने मान हलवली. लवकर ये म्हणाला, जेवायला थांबतो.

बेटावर होडी वल्हवणारा आता कोण? उन्नती आली. अर्ध्या खाडीत तिने माझ्या पाठीकडे, मनगटाकडे, पुन्हा पाठीकडे बघितलं आणि वल्हं जरा जोरात मारायला लागली. धक्क्यावर होडी बांधून विचारलं, "काकी, कुठं?"

दवाखाना डाव्या हाताला, चौकी उजव्या.

मी उजवीकडे वळले. आयुष्यभर या तोंडाने सगळ्यांना टोचून घेतलं, आज एकच वाक्य बोलायचं होतं. साहेबाला म्हटलं, माझं त्या दिवशीचं दुरुस्त करा. हँडल पंढरीकडे नव्हतं. त्याने विचारलं, मग कोणाकडे? मी मोडलेलं मनगट त्याच्या टेबलावर ठेवलं. साहेबाने ते बघितलं आणि शिपायांना होडी बघायला पाठवलं.

हे परतीच्या होडीत लिहितेय. उन्नती माझ्याकडे पाठ करून वल्हवतेय, मान ताठ. मागच्या होडीत साहेब आणि तीन शिपाई. भर दुपार आहे. सगळं बेट स्वच्छ दिसतंय, छपरांवर काळ्या प्लेटा, एकाच कोपऱ्यातून धूर. म्हणजे तो घरीच आहे, थांबलाय.

शिपायाने मागून ओरडून विचारलं, बाई, घर कुठलं?

मी हात वर करून धुराकडे दाखवलं.